बॅग मोठ्या कंपनीची

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असतील तर ते माझ्या आत्याचे आहेत. वडील वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन बाहेर असत आणि आई त्यांच्याबरोबर असे. दौलताबादच्या पुढं आमचं गाव, पण मी गावात फारसा राहिलो नाही. दहावीपर्यंत खुलताबादच्या शाळेत वसतिगृहात होतो. दहावीनंतर पुढं काय, हे आमच्या घरात कोणी विचारलं नाही, कारण पुढं काय असतं तेच कोणाला माहीत नव्हतं. निकालानंतरच्या रविवारी आत्या आली, माझी पत्र्याची पेटी उचलून बघितली, आणि "ह्याला मी नेते" एवढंच वडिलांना म्हणाली. वडिलांनी मान हलवली. माझं शिक्षण असं ठरलं.

आत्या शहरात गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहायची. तिचा नवरा लग्नानंतर चारच वर्षांनी वारला होता. मूल नव्हतं. गुलमंडीतल्या साडीच्या दुकानांची कामं ती घ्यायची, फॉल लावणं, पिको, ब्लाऊज. खिडकीपाशी पायानं चालवायची शिलाई मशीन, तिच्यामागं कपड्यांचं गाठोडं आणि गाठोड्याच्या पलीकडं मी. पाच वर्षं मी त्या मशीनच्या आवाजात अभ्यास केला आणि भूगोल घेऊन बी.ए. झालो. आत्या स्वतः चौथी शिकलेली. मराठी ती बोट लावून सावकाश वाचते. इंग्रजी अक्षरं तिला फक्त मापाच्या टेपवर माहीत आहेत.

पदवीनंतर चार महिन्यांनी मला पुण्याच्या एका कंपनीचं काम मिळालं. उपग्रहानं काढलेल्या फोटोवर शेतांच्या, घरांच्या, रस्त्यांच्या हद्दी काढून द्यायच्या. काम घरी बसून करायचं होतं. पहिले तीन महिने परीक्षेचे, त्यात रोजचं ठरलेलं काम रोज गेलं पाहिजे, मग कायम. एकच अट होती, लॅपटॉप आपला आपण आणायचा. माझ्याकडं नव्हता. कॉलेजमध्ये मी प्रयोगशाळेतल्या संगणकावर रांग लावून काम केलेलं.

त्याच महिन्यात आत्याची भिशी लागली. ते पैसे कशासाठी होते हे मला माहीत होतं. वर्षानुवर्षं मशीन पायानं चालवून तिचे गुडघे गेले होते. जिना उतरताना ती तिरकी होऊन एकेक पायरी उतरायची. डॉक्टरांनी पायानं मशीन मारणं बंद करा म्हणून सांगितलं होतं. कपड्यांच्या कारखान्यात असते तशी मोटरची मशीन तिला घ्यायची होती. शहागंजात एका दुकानात एक वापरलेली, पण चांगली मशीन तिनं तीनदा जाऊन बघून ठेवली होती. तिसऱ्या वेळी तर ती दुकानदाराकडून चिंधी मागून शिवून आली होती.

भिशीचे पैसे तिनं माझ्या हातात दिले.

"आधी तुझं."

"आन् तुझी मशीन?"

"गुडघे कुठं पळून चाललेत का? हितंच हायत. घेऊ की पुढच्या भिशीला."

मी नको म्हणालो. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि एक अट घातली. लॅपटॉप नाव असलेल्या कंपनीचाच घ्यायचा. या बाबतीत तिचा अनुभव कडू होता. विधवा झाल्यावर तिनं जी पहिली मशीन घेतली ती स्वस्तातली, कुठली कोण जाणे अशी होती. "दिसायला लई झ्याक," ती सांगायची, "पण शिवताना टाके सोडायची. गिऱ्हाइकाला वाटायचं बाईलाच येत नाय. मशीन खोटी आन् नाव माझं खराब." नावाची मशीन हप्त्यानं घेईपर्यंत तिची तीन दुकानं सुटली होती. म्हणून तिनं मला बजावलं, चार पैसे वाचवायच्या नादाला लागू नको, तुझं काम आता तुझं नाव आहे.

तिचं म्हणणं बरोबर होतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

स्टेशन रोडवरच्या दुकानात काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडून ठेवले होते. एक आत्याला हवा होता तसा, ज्या कंपनीची जाहिरात रस्त्यावरच्या मोठ्या फलकावर होती तिचा. दुसरा मी कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा. कागदावर दोघांचं बळ जवळजवळ सारखं. मी वहीत दोन रकाने पाडून सगळं लिहून घेतलं. वजन, पडदा, आतली जागा, वॉरंटी. रकान्यात न बसणाऱ्या गोष्टीही होत्या. स्वस्तातल्या लॅपटॉपची बटणं मधोमध दाबली की पूर्ण पाटी खाली दबायची. झाकण उघडताना करकरल्यासारखा आवाज यायचा. विकणारा मुलगा माझ्याच वयाचा होता. आधी म्हणाला, दोन्ही सारखेच आहेत सर, नावाचे पैसे असतात. मग मी स्वस्तातल्याकडं कललो तसा म्हणाला, "घ्या सर, पण नंतर मला बोलू नका."

मी बाहेर आलो, चालत शहागंजला गेलो आणि आत्यानं बघून ठेवलेली मशीन बघितली. ती अजून तिथंच होती. दुकानदार मला ओळखत नव्हता, पण त्यानं मशीन चालवून दाखवली. पायाखालच्या पट्टीला पाऊल नुसतं टेकवलं की ती धावायची. मी मनातल्या मनात हिशेब केला. स्वस्तातला लॅपटॉप घेतला तर दोन्ही वस्तू येत होत्या. नावाचा घेतला तर एकच.

मी परत स्टेशन रोडला आलो आणि स्वस्तातला घेतला. हा त्याग वगैरे नव्हता. मला वाटलं होतं की तीन महिने कसाही निघेल, मग पगार सुरू होईल, आणि आत्याला काही कळायच्या आत मी नावाचा घेऊन टाकीन. शिकलेल्या माणसाला असं वाटतं की आपण सगळं मांडून बघितलंय, आता चुकायचं कारण नाही.

पैसे दिल्यावर त्या मुलानं लॅपटॉपबरोबर एक बॅग फुकट दिली. ती त्याच मोठ्या कंपनीची होती, पुढं तिची मोठी खूण छापलेली. त्या स्वस्त कंपनीच्या बॅगा येतच नाहीत म्हणाला.

घरी आलो तेव्हा आत्या काजं करत होती. तिनं बॅगेकडं बघितलं. ती खूण तिला फलकावरून ओळखीची होती.

"त्योच का?"

"तोच."

मी हात बॅगेवर ठेवून तसं म्हणालो. पुढचं सगळं त्या एका शब्दातून आलं. चार दिवसांनी हातगाडीवरून मशीन आली तेव्हा मला सांगावं लागलं की दसऱ्याच्या सवलतीत लॅपटॉप फार कमी किमतीला बसला. ती आधी रागावली, मग मशीनवर बसली. शेजारच्या काकूंना तिनं सांगितलं, "शिकलेलं लेकरू हाय, भाव बराबर करतं." बॅग तिनं दारासमोरच्या खिळ्याला लावून ठेवली, आल्या-गेल्याला दिसेल अशी.

काम सुरू झालं. फोटोतल्या बांधांवरून रेघा ओढताना मला आमच्याकडची रानं ओळखू यायची, त्यामुळं वेग चांगला होता. तिसऱ्या आठवड्यात लॅपटॉपचा पंखा वाजायला लागला. आधी कधीतरी, मग दिवसभर, करकर करकर. मी काय ते समजून गेलो. आत्याही ऐकत होती. यंत्राच्या आवाजाच्या बाबतीत तिचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत.

खंडेनवमीला आत्या मशीन बंद ठेवते. आदल्या दिवशी कामं हातावेगळी करते आणि नवमीला मशीन उघडून आतला धागा, कापसाची धूळ ब्रशनं काढते, जिथं जिथं लोखंडावर लोखंड घासतं तिथं तेलाच्या कुप्पीनं एकेक थेंब सोडते, मग पुसून हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालते. कात्री, टेप, इस्त्री, सगळं पाटावर मांडते. आपण ज्याच्यावर पोट भरतो त्याला वर्षातून एक दिवस आंघोळ आणि विसावा द्यायचा, एवढा तिचा त्यातला अर्थ. त्या वर्षी तिनं लॅपटॉपही पाटावर मांडायला सांगितला. मी मांडला आणि सुट्टी होती म्हणून सकाळच्या बसनं आई-वडिलांकडं गेलो. दुसऱ्या दिवशी दसरा करून संध्याकाळी परतलो.

आत्या खुशीत होती. मी लॅपटॉप सुरू केला तर पंख्याचा आवाज नाही.

"चूप झाला ना?" ती म्हणाली. "परवापास्नं ऐकत व्हते, कोरडा पडला व्हता. खालच्या बारक्या भोकातनं दोन थेंब घातलं."

मी लॅपटॉप उलटा केला. हवेसाठी असलेल्या जाळीवर तेलाचा पुसट डाग होता आणि शेजारी कुंकवाचं बोट. खरंच आवाज येत नव्हता.

दोन दिवस तो छान चालला. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तळाशी चटका बसेल इतका तापला आणि बंद पडला. थंड करून लावला की पाच मिनिटं चालायचा, परत बंद. आत्यानं मशीन थांबवली. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "तेलानं झालं का?"

मी वैतागलो होतो. म्हणालो, "असल्या वस्तूत तेल नसतं घालायचं, आत्या."

वॉरंटीच्या कागदावरच्या क्रमांकावर फोन केला. त्या कंपनीचं दुरुस्ती केंद्र आमच्या शहरात नव्हतं. पार्सलनं दुसऱ्या शहरात पाठवा, तीन आठवडे धरा, असं उत्तर मिळालं. पुण्याच्या मॅडमना फोन केला. त्या चांगल्या बोलल्या, पण स्पष्ट बोलल्या. दोन दिवस सांभाळून घेते, तिसऱ्या दिवशी काम आलं नाही तर तुमची जागा दुसऱ्याला द्यावी लागेल, रांगेत लोक आहेत. आत्या हे सगळं ऐकत होती. तिनं त्या दिवशी जेवताना भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

शहागंजात एक म्हातारे मिस्त्री आहेत. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करायचे, आता लॅपटॉप करतात. त्यांनी खालचे स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं, चष्मा वर केला.

"तेल कौन डाला इसमें?"

मी सांगितलं, आत्यानं. शिलाईकाम करते. ते हसले नाहीत. काडीला कापूस लावून त्यांनी थोडंसं तेल पुसून घेतलं.

"हाथ साफ है उनका. दो बूंद, और बराबर पंखे पे." मग त्यांनी पंखा बोटानं हलवून मला दाखवला. तो आसावर डुगडुगत होता. "तेल का कुछ कसूर नहीं मियाँ. ये पंखाच हलका है. इस माल में ऐसेच आता. तेल था करके दो दिन ज्यादा चला, नहीं तो पैलेच बैठता था."

नवा पंखा मिळणार नाही म्हणाले, पण दुसऱ्या एका मोडक्या लॅपटॉपचा थोडा घासून बसवता येईल. मी थांबतो म्हणालो. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी असे दोन दिवस मी त्यांच्या स्टुलावर बसून होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता पंखा बसवून झाला. लॅपटॉप तासभर चालवून बघितला, गरम झाला नाही.

घरी येताना मी वाक्य जुळवत होतो. आत्या, तुझ्या तेलानं काही झालं नाही. पण एवढं म्हणून थांबता येत नव्हतं. मग कशानं झालं, हे तिनं विचारलंच असतं. नावाच्या कंपनीचा पंखा महिनाभरात कसा बंद पडतो, हेही विचारलं असतं. आणि खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी मोटरची मशीन शहागंजला परत गेली असती. तिचा स्वभाव मला माहीत आहे.

दाराशी आलो तर आत शेजारच्या काकू बसल्या होत्या. आत्या त्यांना सांगत होती, "चांगल्या नावाच्या कंपनीचा व्हता. माझ्याच हातानं घालवला."

काकू म्हणाल्या, "बाई, उद्या त्याच्या फोनला फोडणी घालशील, मोहरी जरा बेतानं घाल."

आत्या हसली नाही आणि चिडलीही नाही. कोणी टोमणा मारला तर ती सव्याज परत करणारी बाई. तिला गप्प बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मी आत आलो. झाला दुरुस्त, म्हणालो.

"समदं तेल काढलं का त्यांनी?"

"व्हय," मी म्हणालो. "काढलं."

त्या संध्याकाळी काम पाठवलं. जागा राहिली. तीन महिन्यांनी कायम झालो आणि वर्षभरानं कंपनीनं पुण्याच्या कार्यालयात बोलावून घेतलं. तिथं लॅपटॉप कंपनीच देते. मी आत्याला दर महिन्याला पैसे पाठवतो, ती त्यातले निम्मे माझ्याच नावानं साठवते. बाहेरून बघितलं तर सगळं चांगलं झालं. फक्त खंडेनवमीनंतर आत्यानं माझ्या लॅपटॉपला कधी हात लावला नाही. मी उघडला की ती हात पदराला पुसून जरा लांब सरकायची, जणू तिच्या अंगावरूनच काही उडेल. पुढच्या दसऱ्याला पाटावर कात्री होती, टेप होती, इस्त्री होती. लॅपटॉपसाठी तिनं जागाच ठेवली नव्हती.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. मी ती विसरलो होतो असं म्हणणार नाही, पण ती मनात घेऊन राहायची सवय झाली होती. गेल्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा काकूंनीच विषय काढला. आत्या ज्या बचत गटात आहे त्या गटाला संगणकावर चालणारी भरतकामाची मशीन मिळाली आहे. नक्षी पडद्यावर निवडायची, धागे लावायचे, ताण बघायचा, पुढचं मशीन करते. गुडघ्यांना काही काम नाही. शिकवायला बाई येणार आहेत. गटातल्या सगळ्या जणींनी आत्याचं नाव घेतलं, कारण धाग्याचा ताण तिच्याइतका कोणाला कळत नाही. आत्या नाही म्हणाली. काकू म्हणाल्या, "आम्ही लई समजावलं. नायच म्हणती. आता दुसरीचं नाव द्यायचं, महिनाअखेरपर्यंत थांबलेत."

मी आत्याला विचारलं. ती कापड बेतत होती.

"मला नको ते. कंपूटरच्या वस्तूला आपला हात चालत नाय. एक घालवला तेवढं बस झालं. गटाची वस्तू हाय, बारा जणींची."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तेवढ्यात ब्लाऊज न्यायला गिऱ्हाईक आलं, मग आणखी एक आलं, दिवाळीची गर्दी होती. खरं म्हणजे गर्दी निमित्त होती. पुण्याला आल्यावर दोनदा फोन केला. फोनवर आत्या ऐकत नाही, जेवलास का विचारते आणि ठेवते. म्हणून शेवटी पत्र लिहिलं. शाळेत पत्राचा मायना शिकवला होता, तो घातला नाही. तिला वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलं, ओळी सुट्या सोडल्या. त्या पत्राची एक प्रत माझ्याकडं आहे, ती अशी.

आत्या,

हे पत्र तू एकटी असताना वाच. काकूंना नंतर सांग, पण सांग जरूर.

तुझ्या तेलानं लॅपटॉप बिघडला नव्हता. शहागंजच्या मिस्त्रींनी मला त्याच दिवशी तसं सांगितलं होतं. ते म्हणाले, तेल होतं म्हणून तो दोन दिवस जास्त चालला, आणि तुझा हात साफ आहे. हे मी तुला सांगितलं नाही. तू विचारलंस तेव्हा मी उलटं सांगितलं.

पंखा बिघडला कारण लॅपटॉपच स्वस्तातला होता. तू सांगितलेल्या कंपनीचा मी घेतला नव्हता. बॅग तेवढी त्या कंपनीची होती, दुकानात फुकट मिळालेली. दसऱ्याची सवलत वगैरे काही नव्हती. उरलेल्या पैशांत मशीन आली. तू मशीन परत करशील म्हणून मी तेव्हा बोललो नाही. नंतर बोललो नाही त्याला कारण नाही. तू तीन वर्षं स्वतःला बोल लावत राहिलीस आणि मी तुझ्यासमोर बसून जेवत होतो.

रागाव. मला फोन करून रागाव, किंवा मी येईन तेव्हा समोर रागाव. पण आधी गटाच्या ताईंना जाऊन सांग की तुझं नाव लिहा. महिनाअखेरीला पाच दिवस आहेत. हे पत्र तुला बुधवारी मिळेल, म्हणजे दोन दिवस उरतील. शिकवायला बाई येतील त्यांना पहिल्याच दिवशी विचार, या मशीनला तेल कुठं घालायचं, कुठं नाही. त्या मशीनलाही तेल लागतं, मी चौकशी केली आहे. बाकीच्या अकरा जणींना ते विचारायचं सुचणार नाही.

तुझा भाचा